माहेरचा रकाना

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी रेकॉर्ड विभागात लागले तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटरचा डिप्लोमा होता आणि डोक्यात हवा होती. हॉस्पिटलात नुकतीच संगणक प्रणाली आली होती. पुण्याच्या कंपनीचा माणूस येऊन चार दिवस शिकवून गेला. पेशंट आला की त्याला एक नंबर द्यायचा, आणि मग केसपेपर, रक्त-लघवीचे रिपोर्ट, औषधं, डिस्चार्ज कार्ड, सगळं त्या नंबराखाली. मला ते इतकं आवडलं की घरी आईच्या मसाल्याच्या डब्यांनाही मी नंबर दिले. आईनं ते दुसऱ्या दिवशी पुसले.

रेकॉर्ड रूममध्ये माझ्या आधीपासून एक गृहस्थ होते. सगळं हॉस्पिटल त्यांना मामा म्हणायचं, मीही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी जुन्या फायली गावांप्रमाणे लावल्या होत्या. कागलचा रॅक दाराजवळ, गारगोटीचा खिडकीखाली, कुरुंदवाडचा अगदी आत. नियमानं जुन्या फायली रद्दीत जायला हव्या होत्या, पण मामांचा जीव होत नसे. डॉक्टरांनी फाईल मागितली की मामा गाव विचारायचे, आत जायचे आणि हातात घेऊनच यायचे.

"मामा, तुम्ही सुट्टीवर गेला तर कोण शोधणार?" मी एकदा विचारलं.

"म्हणून तर मी सुट्टीच घेत न्हाय," ते म्हणाले.

मी हसले. मनात म्हटलं, आता काय, दोन महिन्यांत ही खोली रिकामी करून टाकू.

एका सोमवारी ओपीडीला तुफान गर्दी होती. मी नोंदणीच्या खिडकीवर होते. गारगोटीकडची एक तरुण सून आली, सोबत सासू. पित्ताशयात खडे होते, गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून आजच भरती व्हायचं होतं. मी नाव, वय, गाव टाकलं.

"आधी कधी आला होता का इथं?"

"ल्हान असताना आल्ते की. लई ताप आल्ता मला. सात-आठ वर्साची असंन."

मी नाव शोधलं. जुन्या फायलींपैकी थोड्याच तोवर कॉम्प्युटरवर चढल्या होत्या; काहीच आलं नाही. गावावरून शोधलं, तरी नाही.

"नोंद नाही. नवीन पेशंट म्हणून घेते," मी म्हटलं आणि तिला नवा नंबर दिला.

मामा माझ्या मागे फायलींचा गठ्ठा घेऊन उभे होते. त्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "माहेर कुठलं गं, बाळ?"

"कुरुंदवाड."

"माहेरचं नाव? वडलांचं?"

तिनं सांगितलं. लग्नात नावही बदललं होतं, आडनाव तर बदलणारच. मागे रांग वाढत होती आणि मला मामांचा राग येत होता. "मामा, लोक खोळंबलेत," मी म्हटलं. ते आत गेले.

तासाभरानं गर्दी ओसरली. मी पाणी पीत होते, तेवढ्यात मामा समोर आले. शर्टाच्या बाह्या धुळीनं भरलेल्या, हातात कडा झिजलेली पिवळट फाईल. ती त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवली. पहिल्याच पानावर लाल शाईनं, मोठ्या अक्षरात: पेनिसिलिन देऊ नये. खाली कुणा डॉक्टरांनी लिहिलं होतं की इंजेक्शननंतर मुलीचा चेहरा सुजला, श्वास कोंडला, मोठ्या मुश्किलीनं वाचली.

मी फाईल उचलली आणि जिना पळत चढले. वॉर्डात सिस्टरांच्या ट्रेमध्ये इंजेक्शन भरून तयार होतं, त्याच जातीचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ॲलर्जीच्या रकान्यात लिहिलं होतं, "नाही."

"सिस्टर, थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या.

सिस्टरांनी फाईल वाचली आणि ट्रे बाजूला सारला. "मी विचारलं होतं हो तिला," त्या म्हणाल्या. "कसलीच ॲलर्जी न्हाय म्हणाली."

ती सून घाबरून आमच्याकडे बघत होती. "मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "त्यावेळचं सगळं आईलाच ठावं. मला आपलं पोटभर रडल्यालं आठवतंय."

डॉक्टर आले, त्यांनी औषध बदललं. ऑपरेशन नीट झालं. चार दिवसांनी घरी जाताना सासूनं मामांचा हात धरून विचारलं, "तुमी कुरुंदवाडचं काय, पावणं?"

"न्हाय ओ, मी कागलचा," मामा म्हणाले.

पण ते चार दिवस मला जड गेले. ती घरी गेली त्याच संध्याकाळी मी मामांना कॅन्टीनमध्ये चहाला नेलं. माफी कशी मागावी ते कळेना, म्हणून नुसतंच म्हटलं, "मामा, तुमचंच बरोबर. कॉम्प्युटरपेक्षा तुमचं डोकं चांगलं."

मामांनी कप खाली ठेवला. "गप बस. काय बी बरोबर न्हाय. ती फाईल कुरुंदवाडच्या रॅकात नव्हती."

"मग?"

"शिरोळच्यात हुती. मीच कवातरी चुकीच्या जागी ठेवल्याली. तासभर घामाघूम झालो. नशीब म्हणून घावली." मग हळू आवाजात म्हणाले, "औंदा असं लई वेळा व्हायलंय, पोरी. गावं आठवत्यात, पण कुठं ठेवलं ते न्हाय. कुणाला सांगितलं न्हाय मी. सगळं तुझ्या यंत्रात घाल. लौकर घाल. माझ्यावर इसंबू नगो."

मी आणखी एक चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याच्या त्या कंपनीला फोन लावला. "सर, बायकांसाठी दोन रकाने वाढवून हवेत. लग्नाआधीचं नाव आणि माहेरचं गाव."

"मॅडम, असा रकाना आजवर कुठल्याच हॉस्पिटलनं मागितलेला नाही."

"मग आम्ही पहिले. आणि ॲलर्जीला नुसतं हो किंवा नाही चालणार नाही. 'माहीत नाही' असा तिसरा पर्याय पाहिजे."

"त्यानं काय फरक पडणार?"

"सर, नाही म्हटलं की सिस्टर इंजेक्शन भरतात. माहीत नाही म्हटलं की आईला फोन करतात."

मग आमच्या डॉक्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि कोल्हापुरी आवाजात दोन वाक्यं बोलले. रकाने आले.

जुन्या फायली भरायला वर्षाच्या वर लागलं. दुपारी गर्दी ओसरली की मामा चष्मा पुसून वाचायचे, मी टाईप करायचे. एकाच बाईच्या चार-चार नोंदी निघाल्या, कधी स्पेलिंगच्या फरकानं, कधी नव्या गावानं. एकीला तर तिच्या जावेचाच रक्तगट चिकटला होता. कुणाच्या लपवायच्या आजाराची फाईल निघाली की मामा नाव वाचून दाखवत आणि पुढचं माझ्याकडे सरकवत. "हे मोठ्यानं वाचायचं न्हाय," म्हणत. कंपनीनं गोपनीयतेवर दोन तासांचं भाषण दिलं होतं, त्यातलं मला काही आठवत नाही. मामांचं ते सरकवणं आठवतं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांचा पासवर्ड बंद केला. नियमच आहे तसा. ते बघत उभे होते. "केलास न्हवं नीट?" त्यांनी विचारलं आणि हार घालून घ्यायला हॉलमध्ये गेले.

आता हा विभाग मी सांभाळते. नव्यानं लागलेल्या मुलींना पहिले दोन दिवस मी कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. ओपीडीतल्या बाकावर बसवते, नुसतं ऐकायला. परवा एक मुलगी दुसऱ्याच दिवशी चिडून माझ्याकडे आली.

"मॅडम, त्या कोपऱ्यातल्या मावशींनी खिडकीवर एक वय सांगितलं, डॉक्टरांना दुसरं आणि शेजारणीला तिसरंच!"

"त्यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"तेच कळेना. म्हणून मी त्यांचं आधार कार्डच मागितलं."

"मग?"

"त्या म्हणाल्या, त्यावरचं बी चुकलंय."

"ये, बस," मी म्हटलं आणि तिला कॉम्प्युटरसमोरची खुर्ची दिली.