पिशवी गेली, पित्त राहिलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी सांगायला बसलो की मधेच कुणी दात काढलेले मला खपत नाहीत. चहा तुम्ही घ्या. मला नको. मी प्यालेला चहा पोटात जातो, तिथं त्याला कुणी ओळखत नाही, म्हणून बिचारा परत वर येतो.

तर माझ्यासारख्या शहाण्यानं स्वतःच्या हातानं काय करून घेतलं, ते ऐका.

माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे झाले. कर्जतच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पिशवी काढली आणि खडे बाटलीत भरून माझ्याच हातात दिले. म्हटलं, "हे काय करू? वाफ्यात पेरू?" डॉक्टर हसले. तरुण पोरगा, सदा हसतमुख. मला हसतमुख डॉक्टर आवडत नाहीत. दुखतं आपलं आणि हसतात ते!

पोशीरला घरी आलो तो खुशीत. पित्ताची पिशवीच गेली, म्हणजे पित्त गेलं. आता कोंबडी खा, वडे खा, कोण विचारतंय? सरळ हिशेब होता की नाही? तुम्हालाही असंच वाटलं असतं, उगाच माना हलवू नका.

कसला हिशेब! पहिल्याच रविवारी रस्सा चापला आणि हात धुवायच्या आत संडासाकडे पळालो. लेंग्याची नाडी मुठीत धरून असा पळालो, की आळीतलं कुत्रं चोर समजून मागं लागलं. संध्याकाळी छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी. घशात कुणी चूल मांडलीय असं वाटायला लागलं.

परत डॉक्टर. म्हणाले, "आप्पा, पित्त यकृत बनवतं. पिशवी म्हणजे नुसती साठवणीची टाकी. टाकी काढली, नळ चालूच आहे."

"मग नळ बंद करा!"

"नळ बंद केला तर तुम्हीच बंद पडाल. तेल-तूप कमी करा. थोडं थोडं जेवा. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. डोकं उंच राहिलं की आंबट पाणी वर येणार नाही."

वैशालीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, घरी येताच विटा लावल्या. आमची ही गेल्यापासून घर तिच्याच हातात. माझ्यासाठी वेगळं रांधायची. मऊ भात, मुगाचं पाणीदार वरण, बिनतेलाची दुधीची भाजी. चव म्हणाल तर भिजलेल्या पुठ्ठ्याची. पण गुण आला! पोट शांत, छाती शांत, झोप गाढ.

आणि नेरळहून माझी थोरली बहीण, आक्का, मला बघायला आली.

मी कुणाच्या बापाला भीत नाही. आक्काला भितो. दारातनंच ओरडली, "अरं मेल्या, डोकं कुठं केलंयस?"

"उशीवर."

"उत्तरेला! उत्तरेला डोकं कुणाचं ठेवतात, म्हाईत हाय ना? आत्ता कुठं कापून आलायस, आणि सोताच वर बोलावणं धाडतोस व्हय रं?"

काळजात धस्स झालं. पण खाट फिरवायची कशी? एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला भाताची कणगी, मधे वीतभर जागा नाही. मग मी डोकं चालवलं. उशी उचलली, दक्षिणेच्या टोकाला ठेवली, झालं! खाटेला हात न लावता दिशा बदलली. आक्का पण म्हणाली, "हुशार हाईस."

हे आम्हा दोघांतच राहिलं. वैशाली तेव्हा पाणी भरत होती. आणि माझं अंथरूण मीच घालतो, मीच गुंडाळतो, आतनं कडी लावून झोपतो. कुणी उशाशी आलेलं मला चालत नाही.

त्या दिवसापासून माझे हाल कुत्रा खाईना. आडवं पडलं की आंबट पाणी थेट नाकात. सकाळी डोळे सुजलेले, कान भरलेले. आणि माणूस रात्रभर सरकतोय! उठावं तर टाळू भिंतीला टेकलेली, मान मुडपलेली. मला वाटलं, दुखण्यात सरकत असेल माणूस.

आता विचार करा. गोळ्या त्याच, विटा जाग्यावर. मग बिघडलं काय? जेवण! दुसरं असणारच काय?

"वैशाली, भाजीत तेल घातलंस?"

"थेंब नाय, आप्पा."

"मग ती चकाकती का?"

"दुधी हाय तो. पाण्यानं चकाकतो."

"मला शिकवू नको. दुधी मी पिकवलाय."

"मग तुमीच शिजवा!"

उलट बोलली म्हणजे मनात काहीतरी आहेच, नाही का? मी तेलाच्या डब्यावर पेन्सिलीनं खूण केली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तेल खुणेच्या खाली! सापडली चोरी! अरे, पण घरात बाकीची माणसं जेवतात, त्यांची भाजी काय पावसाच्या पाण्यात होते? हे तेव्हा सुचलं असतं तर मी मी कसला?

ओट्यावर बसून आळीला सांगितलं, "सून मला तेल पाजून मारतीय." मोठ्यानं सांगितलं. मला हळू बोलता येत नाही.

वैशालीनं आतनं ऐकलं. भांडणारी बाई ती, पण त्या दिवशी भांडली नाही. सकाळी माझ्या जेवणाचा डबा भरला, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी घेतली. "चला कर्जतला. डॉक्टरांसमोर डबा उघडते. काय घालते ते त्यांनाच चाखू दे. आणि तिथनंच मी खालापूरला भावाकडं जाते. पुन्ना काय येत नाय."

मी माझ्या मुलाकडे, संतोषकडे बघितलं. तो बूट घालत होता. "माज्याकडं बघू नका. गावभर तुमी बोंबललात, तुमीच निस्तरा."

सहा आसनी रिक्षात ती एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. ही गेली तर आपल्याला कोण बघणार? संतोष कामाला गेला की घरात मी आणि कणगी. पण बोललेलं मागं घ्यायची सवय कुणाला?

डॉक्टरांनी डबा उघडला. चमचाभर भाजी खाल्ली. पहिल्यांदा त्यांचं हसू गेलेलं बघितलं मी.

"आप्पा, ह्यात तेल नाही. मीठ तरी आहे का?"

"नावापुरतं," वैशाली म्हणाली. डोळे भरलेले.

"ह्या जेवणानं जळजळ होणं कठीण आहे. झोपा बघू, पोट तपासतो."

तपासायच्या टेबलाचं एक टोक उंच केलेलं होतं. मी खिडकीकडे बघितलं. सकाळचं ऊन येत होतं, म्हणजे तिकडं पूर्व. उंच टोक उत्तरेला. मी शेतकरी माणूस, दिशा मला विचारायला लागत नाहीत. सरळ वर चढलो, उंच टोकाला पाय पसरले आणि खालच्या टोकाला डोकं ठेवलं.

"अहो आप्पा, डोकं इकडे!"

"तिकडं उत्तर हाय."

"असू दे की."

"असू दे कसं? मी काय मेलोय?"

डॉक्टरांचा हात हवेतच थांबला. "घरी पण दिशा बघून झोपता?"

"मंग! आक्कानं सांगितल्यापासनं उशी दक्षिणेला घेतली."

"आणि विटा?"

"विटा हायत की! जिथं लावल्या तिथंच. मी एक पण हलवली नाय."

डॉक्टर माझ्याकडे बघतायत. मी, पाय आभाळाला लावून, डॉक्टरांकडे बघतोय. घशात आंबट पाणी यायला लागलं आणि त्याच्या मागनं हळूहळू उजेड पडायला लागला.

आधी वैशाली फुटली. डोळ्यात पाणी, तोंडाला पदर, आणि हसून हसून स्टुलावरनं पडायची बाकी. "आप्पा! वटवाघळासारखे झोपत होतात!"

डॉक्टरांनी भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं. मग म्हणाले, "गोळ्या त्याच चालू द्या. फक्त म्हातारा फिरवा."

बाहेर आलो. मला वाटलं, हसली म्हणजे मिटलं. पण स्टँडवर ती खालापूरच्या गाडीकडे वळली.

"अगं, कुठं चाललीस?"

"सांगितलं होतं ना? हसले म्हंजे विसरले नाय."

"विटा कोण काढंल? मला वाकता येत नाय."

"विटा राहू द्या. उशी फिरवायला सून लागत नाय, आप्पा."

खरं होतं. उशीला सून लागत नव्हती. मला लागत होती. हे बोलायचं कसं? घसा साफ केला. तीनदा केला.

"चुकलं," म्हटलं.

"कुणाचं?"

"माजं."

"आयकू नाय आलं. आळीत कसं मोठ्यानं बोलला होतात?"

"चुकलं माजं!" ओरडलोच. सगळा स्टँड वळून बघायला लागला. नेरळचा रिक्षावाला बिडी विझवून जवळ आला. "काय चुकलं, आजोबा?"

मी वैशालीकडे बघितलं. तिनं पिशवी खाली ठेवली, हाताची घडी घातली. मग काय, सांगितलं सगळं. पिशवी, विटा, उशी, तेलाच्या डब्याची खूण. अनोळखी माणसं पोट धरून हसत होती आणि मी, ज्याच्यासमोर कुणी हसलेलं खपत नाही तो, उभा राहून सांगत होतो.

संपलं तशी तिनं पिशवी उचलली आणि घराकडं जाणाऱ्या नेरळच्या रिक्षात ठेवली.

मी पटकन चढायला गेलो. त्या रिक्षात निम्मी माणसं पुढं तोंड करून बसतात, निम्मी मागं. मी जागा धरणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"थांबा, आप्पा. तोंड कुठं करून बसायचं ते आता मी सांगणार."

आणि तिनं सांगितलं, तसा मी बसलो. स्वतःचं डोकं वर आहे की खाली, हे ज्याला डॉक्टरकडून कळलं, त्यानं आणखी काय करायचं?