आहेराच्या भरवशावर

कर्ज काढू नये असं मला तरुणपणी कुणी शिकवलं नाही. शिकवलं ते उलटंच. लग्न होऊन औंढ्याला आले तेव्हा मी कोवळी पोर होते. नवराही तसा पोरगाच, धाकटा दीर तर अजून पाळण्यात, आणि घरात बोलणारा माणूस एकच, माझे सासरे. ते म्हणायचे, "ज्याला कुणी उधार देत न्हाई, त्याला गावात इचारतंय कोण?" कर्ज मिळणं म्हणजे अब्रू, असा त्यांचा हिशेब. डोक्यावर देणं असलं की पोरगं कामाला लागतं, नाहीतर लोळत पडतं, हेही त्यांचंच. आणि लग्नाचं कर्ज तर कर्जच नव्हे म्हणे. किती ऐकलं ते सगळं! आता नुसतं आठवलं तरी थकायला होतं.

आमचं घर शिंप्याचं. नागनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर आमची पडवी होती. तिथं बसून सासरे हातानं बंड्या शिवायचे. यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, लग्नाआधी वसमतला एका कारागिराच्या हाताखाली राबून पैसा जोडला होता. गाव सोडून निघालेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याची जुनी पायमशीन त्यांनी त्यातून रोख घेतली. कुणापुढे हात पसरला नाही. गोणपाटात गुंडाळून बैलगाडीतून आणली, तेव्हा मी तिला हळदकुंकू लावलं. हे जेवायला उठले की मी हळूच मशीनवर बसायची आणि चिंध्यांवर टीप मारून बघायची. सासूबाई ओरडायच्या, पण हे काही बोलायचे नाहीत. मशीन आली आणि आमच्या घरात दोन्ही वेळची भाकरी पक्की झाली.

मग नणंदेचं लग्न निघालं. पुसेगावचं स्थळ होतं, माणसं चांगली होती, त्यांनी काही मागितलंही नव्हतं. पण सासऱ्यांच्या अंगात आलं. वाजंत्री पाहिजे, अख्ख्या गल्लीला जेवण पाहिजे, व्याह्यांना पटके पाहिजेत. पैसा कुठून आणायचा? तर पेठेतले कापडवाले शेठ देतील, कापडही आणि वर रोखही. तारण मशीन. दिवाळीपर्यंत फेड झाली नाही तर मशीन शेठच्या दुकानात जाईल.

मी म्हटलं, फेडणार कशानं?

"आहेर येईल की!" सासरे म्हणाले. "पंचक्रोशीत एक लगीन सोडलं न्हाई म्या. सगळ्यायला आहेर केलेत. ते जाऊन राहिले कुठं? फिरून आपल्याच घरी येणार." आणि बोटं मोजत बसले, अमक्याकडून येईल, तमक्याकडून येईल. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला क्षणभर त्यांची कीव आली.

पण मला गप्प बसवेना. दाराआडून विचारलं, "मामा, आपण त्यायला काय दिलं होतं?"

"काय म्हंजे? खण दिले, पटके दिले, टोप्या दिल्या."

"मंग खण न् टोप्याच येतील ना."

झालं! सासरे असे उसळले की बास. कालची पोरगी मला शहाणपण शिकवते, हिच्या बापानं हिला वळण लावलं नाही, माझ्या लेकीचं चांगलं हिला बघवत नाही. शेवटचं फार लागलं. नणंद माझ्या पाठच्या बहिणीसारखी होती, तिची वेणी मी घालायची. मी यांच्याकडे बघितलं. मशीन यांची, घाम यांचा. हे खाली मान घालून म्हणाले, "बघू."

बापापुढे यांचं एवढंच असायचं. बघू. मला तो शब्द ऐकला की डोकं आपटावंसं वाटायचं.

लग्न झकास झालं, खोटं कशाला बोलू. लोक जेवून तृप्त झाले. दुसऱ्या दिवशी आहेराचं गाठोडं सोडलं, तर खणांचा, टोप्यांचा, उपरण्यांचा हा ढीग! रोख मोजकीच. तीही हाली रुपयांत. आमच्या निजामाच्या राज्यात हाली चालायचा आणि हद्दीपलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. शेठचा माल वऱ्हाडातून यायचा म्हणून त्यांनी कर्ज कलदारात दिलं होतं. एका कलदाराला हालीचा अख्खा रुपया आणि वर अडीच-तीन आणे मोजावे लागायचे. हे सासऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण घेताना म्हणाले होते, "रुपया तो रुपया, त्यात काय बघायचं!"

कापडाचं काय करायचं? सासरे आणि हे गाठोडं घेऊन शेठकडे गेले. शेठनी एकेक खण उलगडून बघितला आणि हसले. म्हणाले, "यातलं निम्मं माझ्याच दुकानातून गेलेलं आहे. पण विकलेला माल मी परत घेत नाही. आणि हे बाकीचं बघा, घड्यांवर विरून राहिलंय."

खरंच होतं ते. आमच्याकडे आहेराचं कापड कुणी फाडत नसे, शिवत नसे. ट्रंकेत घडी घालून ठेवायचं आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला द्यायचं. तो खण त्याच्या ट्रंकेत जायचा, तिथून तिसऱ्याच्या. काही खण किती घरं फिरले होते देव जाणे. घडीवर पांढरे पडले होते, पण अंगाला लागले नव्हते. आहेर फिरतो हे सासऱ्यांचं म्हणणं बराबर होतं. तो फिरतच राहतो, पोटात काही पडत नाही.

दिवाळीला मशीन गेली. शेठच्या माणसांनी ती उचलली तेव्हा सासरे देवळात जाऊन बसले होते. हे दुसऱ्या दिवसापासून शेठच्या ओट्यावर त्याच मशीनवर मजुरीनं शिवायला लागले. निम्मी मजुरी व्याजात जायची. पाण्याला जाता-येता मला मशीनचा आवाज ऐकू यायचा. तिचा एक खडखडाट होता, मी तो लांबून ओळखायची. रडू यायचं नाही मला, संताप यायचा. माझ्या घरातली मशीन, माझाच नवरा, आणि दोघंही दुसऱ्याच्या ओट्यावर.

अशी काही वर्षं गेली. व्याज फिटायचं, मुद्दल तसंच. आणि लग्नाची बोलावणी यायची थांबत नव्हती. सासूबाई ट्रंक उघडून खण काढायच्या, सासरे पटका बांधून निघायचे. पुढच्या आठवड्यात तसलाच खण दुसरीकडून घरात.

मग जर्मनची दुसरी लढाई सुरू झाली आणि कापड मिळेनासं झालं. दुकानात लोकांच्या रांगा लागायच्या, लेकरांच्या अंगावर धड झबलं नाही. आणि आमच्या घरात ट्रंकभर कापड घडी घालून पडलेलं! एका दुपारी सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी ट्रंक ओढली, एक हिरवा खण काढला आणि सरळ कात्री लावली.

सासूबाई दारात आल्या आणि छातीवर हात मारून घेतला. "अगं अवदसे! आहेराला कात्री लावलीस? आता लोकायच्या लग्नात काय द्यावं?"

"काही देऊ नये, आत्याबाई. अक्षता टाकाव्या न् यावं."

"तोंड काय दाखवावं लोकायला?"

"मशीन गेली तवा दाखवलंच की."

हे मी बोलायला नको होतं असं आज कुणी म्हणेल. म्हणू दे. मी दुसरा खण काढला आणि त्यालाही कात्री लावली.

त्या खणांच्या मी हातानं कुंच्या शिवल्या, झबली शिवली, टोपरी शिवली. महाशिवरात्रीच्या जत्रेत देवळाच्या वाटेवर गोणपाट टाकून बसले. कापडाची टंचाई होती म्हणून माल हातोहात गेला. लमाणांच्या तांड्यावरच्या बाया काठाचे तुकडेसुद्धा घेऊन गेल्या, त्यांना घागऱ्याला लावायला लागायचे. जमलेला पैसा घेऊन मी पदर सावरून स्वतः शेठच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "हे व्याजात न्हाई, मुद्दलात धरा." शेठनी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "ती म्हणतीय तसं करा." तेवढं बोलले, हेच माझ्यासाठी पुष्कळ होतं.

त्याची किंमत आम्ही भरली. गल्लीत बाया म्हणायच्या, शिंप्याची सून हात हलवत लग्नाला येते. पंगतीत आम्हाला शेवटी बसवायचे, वाढताना आमच्यापाशी आलं की भांडं रिकामं व्हायचं. सासऱ्यांनी लग्नाला जाणंच सोडलं. पटका खुंटीला लटकत राहिला. माझ्याशी ते वर्षानुवर्षं नीट बोलले नाहीत. एवढ्याशा कापडापायी घरात असं मिठाचा खडा पडल्यागत झालं, आणि मी शिवत राहिले.

शेवटी अगदी थोडं देणं उरलं होतं. एक चांगली जत्रा आणि मशीन घरी, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात अठ्ठेचाळीस साल उजाडलं. सगळीकडे रझाकारांची भीती पसरली, माणसं बायकापोरं घेऊन हद्दीपलीकडे वऱ्हाडात जायला लागली. शेठही एके दिवशी दुकानाला कुलूप ठोकून निघून गेले. मशीन आत. आमचं फेडणंही थांबलं आणि ओट्यावरची मजुरीही थांबली. हे पुन्हा हातानं बंड्या शिवायला लागले. मी रोज त्या कुलपासमोरून जायची.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज संपलं. लोकांनी साखर वाटली. त्या आनंदातच कुणीतरी आवई उठवली, राज गेलं तशी जुनी कर्जंही गेली, आता कुणी कुणाचं देणं लागत नाही. बघता बघता गावभर झालं. सासरे किती वर्षांनी हसले! मला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं न्हवं? काहून एवढी तकलीफ करून घेतली? गप बसलो असतो तर फुकटात सुटलो असतो."

गल्लीतले चार तरुण आले. यांना म्हणाले, "चला, कुलूप तोडू. कर्ज बुडालं, आता मशीन तुमचीच." हे म्हणाले, "बघू."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "काय बघता? आपलं कर्ज बुडालं म्हणता, मंग त्याच कर्जापायी ठिवलेली आपली मशीनबी बुडाली, एवढं कसं समजून न्हाई राहिलं? न् कुलूप तोडलं तर उद्या शेठ आल्यावर चोर कोण ठरंल?" ते तरुण हसत निघून गेले. बाईमाणसाचं काय ऐकायचं, म्हणाले. त्यानंतर दिवसातून कितीदा तरी मी काही ना काही निमित्तानं पेठेत चक्कर मारायची. कुलूप शाबूत दिसलं की घरी यायची.

दिवाळीनंतर शेठ परत आले. कर्जं होती तिथंच होती. ज्यांनी ती आवई खरी धरली होती त्यांची तोंडं उतरली. बंड्यांच्या मजुरीतून आणा आणा साठवला होता, मी पदराची गाठ सोडून उरलेलं सगळं देणं शेठपुढे ठेवलं. कलदाराच्या भावानं, वरच्या आण्यांसकट. शेठनी मोजलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नको मला. सगळे असे फेडायला लागले तर मी काय खाऊ?" चेष्टेत म्हणाले, पण खरं तेच होतं.

मशीनचा पट्टा उंदरांनी कुरतडला होता, चाकावर गंज चढला होता. आम्ही ती घरी आणली. मी घासलेटनं पुसली, यांनी नवा पट्टा घातला. सासरे पडवीतून उठून आले आणि चाकावर हात ठेवून उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. सूनबाई, झालं गेलं, असं काहीतरी. एवढ्या वर्षांत मला तेवढंच पाहिजे होतं.

सासरे म्हणाले, "बरं झालं मोकळी झाली. आता धाकट्या पोराचं लगीन उरकून घेऊ. मशीन हायच तारणाला. शेठ न्हाई म्हणायचा न्हाई, उलट आता तर आपली पत वाढलीय."

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. भांडायलासुद्धा अंगात जीव राहिला नव्हता. फक्त यांच्याकडे बघत राहिले. आता तो शब्द येणार, मला माहीत होतं.

हे सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता बापाला म्हणाले, "न्हाई, दादा."

"काय?"

"न्हाई म्हणलो. मशीन कुठं जाणार न्हाई. लगीन अंगणात करू, जेवढं हाय तेवढ्यात."

आणि पायडल मारलं. तोच खडखडाट, पण आमच्या पडवीत. सासरे तोंड फिरवून देवळाकडे निघून गेले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मी मात्र किती वर्षांनी पोटभर जेवले.