आधी आवाज द्यायचा

अमेरिकेत, शुगर लँडला आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मुलाकडे आलेले एक तेलुगू काका होते. बाल्कनीत पाऊल टाकण्याआधी ते आतूनच "होऽऽऽ" अशी आरोळी ठोकायचे. खाली स्विमिंग पूलजवळ ऊन खात पडलेल्या गोऱ्या बायका आधी दचकायच्या, पुढेपुढे हात हलवायला लागल्या. मुलगा मात्र शरमेनं अर्धा व्हायचा. "डॅडी अ‍ॅग्रिकल्चरमध्ये होते," एवढंच सांगायचा.

एकदा पार्किंगमध्ये मी काकांना आरोळीबद्दल विचारलंच. त्यांनी सरळ शर्टाची बटणं काढून छातीवरचे काळे घट्टे दाखवले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "कसलं अ‍ॅग्रिकल्चर! आम्ही गौड, ताडी काढणारे. झाडावरून गावातली सगळी अंगणं दिसतात, बायका आंघोळीला बसलेल्या असतात. वर चढणाऱ्यानं आधी खालच्यांना आवाज द्यायचा. नाही दिला, तर तो चोर."

महिन्याभरात एका सकाळी माझं कार्ड ऑफिसच्या दाराला चालेना. अर्ध्या टीमचं चालेना. एच-वन व्हिसावाले आम्ही सगळे, दारातच हातात दिलेली सामानाची खोकी घेऊन उन्हात उभे. बाराव्या मजल्यावरच्या साहेबांना म्हणे ही नोकरकपात सहा महिन्यांपासून दिसत होती.

एक हरामखोर साधा खाकरलासुद्धा नाही.