मुटक्यावर चालणारी वीज

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागं एकानं हे ऐकताना घोट घेतला आणि त्याचा शर्ट धुवायला टाकावा लागला.

तर मी मलकापूरच्या एका छोट्या कंपनीत इंजिनिअर, तेही ट्रायलवर. काम काय? समुद्राच्या लाटांवर वीज करणारा बोया बनवायचा. पिंपाएवढा बोया लाटेवर वरखाली होणार, आतलं जनित्र फिरणार, डोक्यावरचा दिवा लागणार. आता मलकापूर कुठं आणि समुद्र कुठं! पण साहेब म्हणाले होते, समुद्रात दिवा लागला की नोकरी कायम.

गावात आमची विहीर होती. पण विहिरीत लाटा कुठून आणणार? मग आठवला माझा दोस्त बाळू पैलवान. आमच्याकडं विहिरीत सरळ उडी मारणं कमीपणाचं. गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायचा. बाळूनं पहिलाच मुटका असा मारला की काठावर मी नखशिखान्त भिजलो. पण दिवा लागला!

मग काय, रोज बाळू मुटके मारतोय आणि मी बोयातली स्प्रिंग त्याच्या उडीशी जुळवतोय. अब्बा भेटेल त्याला सांगायचे, आमच्या सलीमनं विहिरीत समुद्र आणलाय. मलाही ते खरंच वाटायला लागलं.

शेवटी रत्नागिरीला गेलो. होडीत साहेब, दोन पाहुणे, आणि हौसेनं आलेला बाळू. बोया पाण्यात सोडला. लाट आली, बोया मजेत वर गेला, मजेत खाली आला. दिवा ढिम्म.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. समुद्राची लाट लांब, संथ. मी बोया बनवला होता तो बाळूच्या मुटक्यासाठी!

"काय हो, विहिरीत तर लागत होता?" साहेब म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत बाळूनं शर्ट काढला.

"सायेब, जरा सरकून बसा."

मुटका पडला. होडी उलटता उलटता राहिली, पाहुण्यांचे चष्मे गेले, आणि दिवा लख्ख लागला. साहेब हसले नाहीत.

पुढं कंपनीनं आवारातच चाचणीची टाकी बांधली. तिच्यात लाटा करायला बाळूला घेतलं, तेही कायम. साहेबांचं म्हणणं, आख्ख्या प्रकल्पात भरवशाची गोष्ट तेवढी एकच.

आणि मी? मी अजून ट्रायलवरच आहे. बाळू टाकीतून वर आला की त्याला टॉवेल देतो.