तिनं सांगितलं होतं

माझ्या बायकोनं मला सांगितलं होतं. हे मी आजवर जिथं बोलायला हवं होतं तिथं बोललो नाही. तिच्या आईला नाही, डॉक्टरला नाही, खुद्द तिलाही नाही.

मार्गासनी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी पुण्याच्या एका साहेबांचं फार्महाऊस. मी तिथं राखणदार, माळी, सगळंच. बायको स्वयंपाक करायची. घरात गॅस होता, पण सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना चुलीवरची भाकरी लागायची. म्हणून साहेबांनी अंगणात खास चूल मांडून घेतली होती. शेणानं सारवलेली. फोटो चांगला येतो म्हणून.

त्या रविवारी ती चुलीपुढं बसली होती. आठवा महिना सरत आलेला. एक बाई मोबाईल धरून तिच्या तोंडाजवळ वाकली. "मावशी, जरा हसा ना. रील करतेय." मग मागं वळून मैत्रिणीला म्हणाली, "कसली गुबगुबीत आहे ना! ह्यांचं बरं असतं. डाएट नाही, काही नाही."

सगळे हसले. मीही हसलो.

ती गुबगुबीत नव्हती. सुजली होती. पाय तर होतेच, पण हातही. बांगड्या मनगटात रुतलेल्या. सकाळी डोळे धड उघडायचे नाहीत. वाडीतल्या बायका म्हणायच्या, दिवस भरत आले की सूज चढतेच. तपासणी करणारी सरकारी दवाखान्यातली सिस्टर मात्र तसं म्हणाली नव्हती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी राहिलेली पहिली खेप, पस्तिशी उलटलेली, आईला बीपी. "हिला जपा," सिस्टर मला म्हणाली होती. "हिचा पण बीपी वाढायला लागलाय. डोकं दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर हातातलं काम टाकून भोरला आणायचं."

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात तिचा भाऊ भोंगवलीहून न्यायला आला होता. साहेब म्हणाले, "आता सीझन आहे. भाकऱ्या कोण थापणार? नवव्यात जाऊ दे की." मी मेव्हण्याला चहा पाजला आणि एकटाच परत लावला.

त्या रविवारी सकाळी, चूल पेटवायच्या आधी ती म्हणाली, "अवो, डोकं लई ठणकतंय. डोळ्यापुढं काजवं चमकत्यात. आज न्हाई व्हायचं माज्यानं."

मी साहेबांकडं गेलो. व्हरांड्यात पाहुण्यांबरोबर बसले होते. म्हणालो, "साहेब, मंडळींना बरं नाही. गाडीतून भोरपर्यंत…"

"अरे, पाहुणे जेवायचेत! आजचाच मुहूर्त सापडला का तिला?"

त्यांच्या शेजारी बसलेले पाहुणे डॉक्टर होते, मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "माझ्याकडं बघू नकोस बाबा. रविवारी मी डॉक्टर नसतो."

हशा.

"भाकऱ्या झाल्या की जा," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "व्हय साहेब."

माझी मोटारसायकल मागच्या बाजूला उभी होती. टाकीत पेट्रोल होतं. साहेबांचं तोंड वाकडं होईल, काम जाईल, म्हणून मी ती काढली नाही. परत येऊन बायकोला म्हणालो, "एवढ्या भाकऱ्या उरक. बायकांचं काहीतरी असतंच." हे शेवटचं वाक्य साहेबांचं नव्हतं. माझं होतं.

तिनं परात पुढं ओढली.

मग ती बाई आली, रील झालं, हसणं झालं. भाकरी तव्यावर टाकता टाकता बायको आडवी झाली. दातखीळ. हातपाय ताठ, मग झटके. तोंडातून रक्ताळलेला फेस. आकडी आली की चामड्याची चप्पल हुंगवायची, एवढंच लहानपणापासून बघितलेलं. माझ्या पायात प्लॅस्टिकची. मी व्हरांड्यातली साहेबांची कोल्हापुरी उचलली आणि तिच्या नाकाशी धरली.

"ए, आधी माझी चप्पल ठेव!" साहेब ओरडले.

गाडी मिळाली नाही. सीट खराब होतील म्हणाले. दूधवाल्याचा टेम्पो मिळाला. कॅनच्या मधल्या जागेत तिला निजवलं. भोरला इंजेक्शन दिलं आणि पुण्याला धाडलं. वाटेत पुन्हा झटके.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बीपी एवढा वाढतो तेव्हा बहुतेकदा आधी डोकं दुखतं, डोळ्यांना त्रास होतो. आकडी मागून येते. ही काहीच म्हणाली नव्हती?"

"नाही," मी म्हणालो. "काही बोलली नाही."

मुलगी होती. मेलेली जन्मली.

बायको वाचली. पण शुद्धीवर आली तेव्हा त्या रविवारचं तिला काही आठवेना. आकडीनं असं होतं म्हणे. चूल नाही, मोबाईल नाही, मी नाही. डॉक्टरीणबाईंनी तिलाही डोकं दुखण्याचं विचारलं होतं. खाटेवरून मला म्हणाली, "अवो, डोकं दुखतंय म्हणून म्या तुमाला सांगितलं न्हवतं का वो?"

"न्हाई."

सासू उशाशी होती. "तोंड शिवलं व्हतं का गं तुजं? नवऱ्याला सांगाया काय झालं व्हतं?"

तिनं पदर तोंडात कोंबला. सासूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. जावई बिचारा.

ती पुन्हा त्या चुलीपुढं बसली नाही. मी मात्र कामावर गेलो. हो, गेलो. एका दुपारी नवे पाहुणे जेवायला बसले होते. साहेब सांगत होते, "ह्या लोकांत जागृतीच नाही हो. बायकोला झटके येतायत आणि हा चप्पल हुंगवतोय. तीही माझी!" मग मला हाक मारली. "ये रे. दाखव यांना, कशी हुंगवली होतीस." आणि पायातली चप्पल माझ्याकडं सरकवली.

मी वाकलो. खरंच वाकलो. अंगातली सवय. हाताला चामडं लागलं. मी चप्पल उचलली आणि साहेबांच्या ताटाशेजारी टेबलावर ठेवली.

"तिनं सकाळीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, भाकऱ्या झाल्या की जा. हे पण सांगा की पाहुण्यांना."

"कुणाशी बोलतोयस, कळतंय का?"

"कळतंय."

फाटकाची चावी तिथंच टाकून निघालो. चालताना छाती फुगली होती. घर येईपर्यंतच. बायको बीपीची गोळी घेत होती. गोळी आता जन्माची मागं लागली आहे. मी म्हणालो, "काम सोडलं." ती म्हणाली, "बरं केलंत. लई राबवून घेत व्हती." पुढचं माझ्या तोंडून निघालं नाही. साहेबांपुढं खरं बोलायला जेवढी हिंमत लागली, तेवढीही तिच्यापुढं गोळा झाली नाही.

आज ती वाडीत कुणी गरवार आहे म्हटलं की तिच्या घरी जाते. सुजलेल्या पायांवर बोट दाबून बघते. म्हणते, "माज्यावानी गप बसू नका. म्या बोलले न्हाई, माजी लेक गेली." बायका ऐकतात. काही वाचल्याही असतील. माझ्या खोट्यावर.

साहेबांना आणि रविवारी डॉक्टर नसणाऱ्या त्या माणसाला मी सोडणार नाही. जिथं उभं करतील तिथं हे सांगेन. पण लेकीच्या मरणाचा आळ तिच्यावर त्यांनी घातला नाही. मी घातला. हे सगळं मी छापायला लिहून दिलंय; छापून येण्याआधी तिला घेऊन भोंगवलीला जाणार आहे. तिच्या आईसमोर, भावासमोर बोलणार आहे. माफी मागणार नाही. मागितली तर ती देऊन टाकेल, आणि ते मला फुकट नको. ती मला घरात ठेवेल किंवा बाहेर काढेल.

तो आळ तिच्या माणसांसमोर तिच्यावरून काढून माझ्या डोक्यावर घेणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.