गुळाचा केसाडिया

मेक्सिको या देशाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आमच्या वारज्याच्या स्वयंपाकघरात जे घडलं, त्यात त्या देशाचा काडीचाही दोष नव्हता.

आमची एकुलती एक लेक, मुक्ता, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली होती. विमान मुंबईहून रात्रीचं, पण मुंबईची गाडी दुपारीच दारात येणार होती. म्हणजे घरचं शेवटचं जेवण दुपारचं. आता त्या जेवणात बापाने गप्प बसून जेवावं, एवढंच काम असतं. पण मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्त माणसाला गप्प बसणं सोडून सगळं जमतं.

कॉलेजात असताना मुक्ता मैत्रिणींबरोबर दर शनिवारी कर्वे रस्त्यावरच्या एका हॉटेलात जायची. परत आली की मी विचारायचो, "काय खाल्लंस?" ती म्हणायची, "केसाडिया." बस्स. माझ्या डोक्यात पक्कं बसलं, की पोरीचा जीव केसाडियात आहे. जर्मनीला जाण्याआधी बापाच्या हातचा केसाडिया खाऊनच ती जाणार!

सकाळी मी जाहीर केलं, "सुधा, आज तू आराम कर. आज मी मुक्तासाठी केसाडिया करणार."

"काय करणार?" सुधाने कणीक मळता मळता विचारलं.

"अगं, मेक्सिकन असतं. पोळीत राजमा, चीज, मिरची भरायची आणि तव्यावर भाजायचं."

"म्हणजे भरलेली पोळी."

"तशी पोळी नाही ती!"

"बरं," सुधा म्हणाली. हे 'बरं' पुण्यात कसं म्हणतात, ते ज्यांना माहीत आहे त्यांना मी अधिक सांगत नाही.

मी चीज आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कुठलं देऊ?"

"वितळणारं द्या."

"सगळंच वितळतं. उन्हात ठेवून बघा," असं म्हणून त्याने हाताला लागेल तो डबा पुढे सरकवला.

घरी येऊन राजमा कुकरला लावला. राजमा आदल्या रात्री भिजत घालायचा असतो, हे मला सुधाने कुकरला बऱ्याच शिट्ट्या होऊन गेल्यावर सांगितलं. (आधी का नाही सांगितलं? तर, "तुम्ही मला आराम करायला सांगितलं होतंत.") त्यानंतर मी मैद्याच्या पोळ्या लाटायला घेतल्या. मैदा लाटला की पसरायचा आणि हात काढला की परत जागेवर जायचा. पोळपाटाशी माझी रस्सीखेच चालली होती, आणि मैदा जिंकत होता.

तेवढ्यात लोणी काळभोरहून माझा मेहुणा, बाळासाहेब, भाचीला निरोप द्यायला आला. येताना शेतातल्या मिरच्यांची पिशवी भरून घेऊन आला. त्याने कुकरमध्ये डोकावून बघितलं.

"दाजी, हे काय हाय?"

"राजमा."

"मला वाटलं गोट्या हायेत." मग पिशवी पुढे करून म्हणाला, "ह्या मिरच्या टाका. गोट्या हायेत का राजमा, कुणाला कळायचं बी न्हाई."

खरोखरच तशा मिरच्या होत्या त्या! चिरता चिरता नाकाला खाज सुटली म्हणून नाक चोळलं. नाकावरून हात डोळ्यावर कधी गेला, ते कळलं नाही. त्यानंतर बराच वेळ मला काहीच दिसलं नाही. बाळासाहेबाने नळाखाली धरून माझे डोळे धुतले आणि कौतुकाने म्हणाला, "अस्सल हाय मिरची!"

डोळे मिचमिचत, चष्मा कुठे ठेवला ते न आठवता, मी परत ओट्याशी उभा राहिलो. मैद्याने तर हार मानली नव्हतीच. घड्याळ पुढे पळत होतं. मुक्ता आणि सुधा आतल्या खोलीत बॅगचं वजन करत होत्या. माझा हात ओट्याच्या कडेला ठेवलेल्या डब्याला लागला. झाकण उघडलं, तर आत पोळ्यांची चळत! हाताला जरा कडक लागल्या. मी मनात म्हटलं, प्रवासाला द्यायच्या पोळ्या सुधा कडकच करते. चार-सहा गेल्या तर काय बिघडलं? पोळ्या दुमडेनात, म्हणून एकीवर राजमा, चीज आणि मिरची पसरली आणि वरून दुसरी दाबली. (हॉटेलवाले दुमडतात, पण आम्ही पुणेकर. आमची आमची पद्धत.) एकेक करता करता डबा कधी रिकामा झाला, मला कळलंच नाही.

आता तवा. ओट्यावर बिडाचा तवा होता. तो सुधाच्या आईचा. लग्नात तिने लेकीला दिलेला. त्यावर सुधाची धिरडी अशी सुटायची, की उलथनं नुसतं दाखवायला लागायचं. मी तो मोठ्या आचेवर तापवला आणि केसाडिया टाकला.

आधी चीज बाहेर आलं. ते अपेक्षित होतं. पण त्याच्या मागोमाग तपकिरी, चिकट, बुडबुडे फुटणारं काहीतरी बाहेर यायला लागलं. घरभर जळक्या गुळाचा वास सुटला. मेक्सिकोत गूळ घालतात का, असा विचार करेपर्यंत तव्यातून धूर निघायला लागला.

"दाजी, जळतंय!" बाळासाहेब ओरडला.

मी आयुष्यभर धरणाचं पाणी कधी आणि किती सोडायचं, हे ठरवणाऱ्या खात्यात नोकरी केली. तोच मी, घाबरून, तांब्याभर गार पाणी त्या तापलेल्या तव्यावर सोडून मोकळा झालो.

टण्!

तव्याचे दोन तुकडे झाले. एक शेगडीवर राहिला, एक खाली पडला. केसाडिया मधोमध लोंबकळत राहिला.

सुधा धावत आली. तिने तव्याकडे बघितलं, मग रिकाम्या डब्याकडे. ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं. पण ती वाकली, खालचा तुकडा फडक्यात धरून उचलला आणि म्हणाली, "बाजूला व्हा. पाय भाजेल."

"अगं, पोळ्यांमध्ये काहीतरी..."

"गुळाच्या पोळ्या होत्या त्या. मुक्ताला न्यायला केल्या होत्या. पहाटे उठून."

बाळासाहेब तर मिरच्यांची पिशवी उचलून गॅलरीत जाऊन उभा राहिला, जणू ती त्याची नव्हेच.

मुक्ता आली. आजीच्या तव्याच्या तुकड्यावरून तिने एकदा हात फिरवला. मग शेगडीवर लोंबकळणाऱ्या केसाडियाचा एक काळा, चिकट तुकडा तोडून तोंडात टाकला. राजमा कडकन वाजला.

"बाबा, ह्यात गूळ आहे?"

"आहे," मी म्हणालो. "चुकून."

ती हसायला लागली. इतकी हसली, की भिंतीला टेकून खाली बसली. हसता हसता रडायला लागली. सकाळपासून आम्ही तिघंही रडायचं टाळत होतो, ते असं गुळावरून सुरू झालं.

"तुला आवडतं म्हणून केलं गं," मी तिच्याशेजारी फरशीवर बसत म्हणालो. "दर शनिवारी खायचीस ना?"

"मैत्रिणींना आवडायचं, बाबा. मी सोबतीला खायचे." तिने नाक पुसलं. "मी काल रात्रीच आईला सांगितलं होतं, उद्या फक्त तुझी गरम धिरडी कर. तुम्ही दोघं ओट्याशी थांबा, मी तव्यावरून एकेक खाते."

मी सुधाकडे बघितलं. "मग तू सकाळी बोलली का नाहीस?"

"तुमचा उत्साह बघितला," सुधा म्हणाली. "म्हटलं, बापालाही करू दे काहीतरी."

तेवढ्यात गाडी आली. मुक्ताने उभ्याउभ्या दहीभात खाल्ला. धिरड्याचं पीठ पातेल्यात तसंच झाकून राहिलं. तिघांनी ओट्याभोवती उभं राहून, तव्यावरचं धिरडं ताटात पडायची वाट बघत घालवायचा तो एक तास मी आमच्याकडून काढून घेतला. नवा तवा मी दुसऱ्याच दिवशी मंडईच्या बाजूला जाऊन आणला. त्याला तेल पाजलं, कांदा घासला, सगळं केलं. धिरडी अजून चिकटतात. सुधा ती उलथन्याने खरवडून काढते आणि तुकडे माझ्या ताटात वाढते.

परवा मुक्ताचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, "आई, गुळाची पोळी कशी करायची गं? इथे गूळ मिळाला." सुधा खुशीत सांगायला लागली. गूळ किसायचा, बेसन भाजायचं, तीळ, खसखस. मला राहवेना. मी मागून डोकं घालून म्हणालो, "मुक्ता, आच मात्र मंद ठेव हं!"

फोनवर जर्मनी फस्सकन हसली.

मग सुधा शांतपणे म्हणाली, "अहो, आपण जरा बाहेर बसता का?"

मी निमूटपणे उठून बाहेर जाऊन बसलो. आमचा फ्लॅट लहान आहे. त्यात 'बाहेर' म्हणजे जिना.