थांबलेला हात

वहिनींना कविता आवडली की त्यांचा हात थांबत असे. तोंडाने त्यांनी कधी कोणाचे कौतुक केल्याचे मला स्मरत नाही.

आमच्या कविमित्राच्या त्या पत्नी. मित्र प्रेमाचे, चांदण्याचे, विरहाचे कवी. संसार मात्र हैदराबादेत, चिक्कडपल्लीतल्या दोन खोल्यांत. संध्याकाळी वहिनी देवासाठी वाती वळायला बसत आणि त्याच वेळी ते नवी कविता म्हणून दाखवीत. हात थांबला तर कविता छपाईला जाई. वाती वळणे चालूच राहिले तर ते स्वतःच कागद पुढे करीत आणि म्हणत, "घे, दे चुलीत." मी संस्कृत काव्यशास्त्र शिकलेला, रसाची इतकी सोपी कसोटी कोणत्याही ग्रंथात मला आढळली नव्हती.

मित्र गेले. पुढे देशाचे दरवाजे उघडले, घराघरांवर दूरचित्रवाणीच्या तबकड्या उगवल्या आणि एका नव्या वाहिनीने त्यांच्या जीवनावर चित्रपट काढायला घेतला. चित्रीकरण हैदराबादेतच होते. दिग्दर्शक तरुण, मुंबईचा, पण विनयशील. संहिता ऐकवायला तो घरी आला, तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतले.

त्यांनी पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या. नायक फार देखणा निवडला आहे, असे मी सुचवताच म्हणाल्या, "राहू द्या शास्त्रीबुवा, तेवढंच त्यांना बरं वाटेल." मुसी नदीच्या काठी मद्याचा प्याला आला, तेव्हा हसल्या. "चहाच्या पेल्यापलीकडे गेले नाहीत हो कधी. पण हौ, चालू द्या."

मग तो प्रसंग आला : त्रासलेली, अडाणी पत्नी पतीच्या कविता चुलीत फेकते.

वहिनींचा चेहरा उतरला. "हे नक्को."

"पण वहिनी, कविता चुलीत गेल्या होत्या ना?" दिग्दर्शकाने हळूच विचारले. "त्यांच्या सगळ्या मित्रांनी सांगितलं."

"गेल्या. माझ्याच हातानं गेल्या. का गेल्या, ते विचारलंत का कुणाला? घटना खरी ठेवलीत आणि माणूस खोटा केलात. उद्या सारं जग म्हणेल, या बाईनं कवी जाळला."

वहिनींनी कापूस पुढे ओढला. "वाचा तुमचा प्रसंग. मोठ्यानं."

त्याने वाचला. चांगला वाचला. वहिनी वाती वळीत राहिल्या. वाचन संपले, तरी बोटे चालूच होती.

"आता द्या तो कागद. चुलीत घालते."

हात थांबण्याची ती जुनी कसोटी मी त्याला समजावून सांगितली. तो खळखळून हसला आणि त्याने खरोखरच तो कागद वहिनींच्या ओंजळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी वहिनींची भूमिका करणारी नटी वाती वळायला शिकण्यासाठी त्यांच्याकडे येऊन बसली. "अगं, इतक्या जोरात नको पिळू, ती वात आहे, धुणं नव्हे," असे त्या तिला दरडावीत होत्या.

चित्रपट दाखवला गेला, तेव्हा शेजारपाजार वहिनींच्या खोलीत जमला होता. त्या कापूस घेऊनच बसल्या होत्या. देखणा नायक आला, हात चालू. मुसीचे चांदणे आले, हात चालू. मग पडद्यावर दोन खोल्यांचे घर आले. नायक कविता म्हणू लागला, त्याची पत्नी वाती वळत होती, आणि एका ओळीवर तिची बोटे थबकली.

मी वहिनींकडे पाहिले.

शेजारची तेलुगू बाई घाबरून म्हणाली, "क्या हुआ अम्मा? अच्छा नहीं लगा?"

"बहुत अच्छा लगा," वहिनी म्हणाल्या. "देखो ना, हाथ रुक गया."

आज वहिनी नाहीत. त्या संध्याकाळी मात्र खोलीभर टाळ्या वाजत होत्या, त्यांच्या बोटांत अर्धी वळलेली वात तशीच होती आणि त्यांच्या देवघरातला दिवा प्रथमच उशिरा लागला.